गुहेतली थंड चूल

टेबलाभोवती बसून, एकेक सोंग घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळांसाठी मी घरबसल्या गोष्टी लिहिते. पहिल्या गोष्टीत मी शेवटसुद्धा लिहून टाकला होता. नुकती साठी उलटली होती, म्हणजे अक्कल यायची होती. गुहेतली राक्षसी मरणार आणि मरताना पानभर भाषण करणार, असा माझा बेत. ते ऐकायला चाचणीच्या खेळाला मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

तलवारवाली झालेली मुलगी गुहेत शिरली आणि तलवार खाली ठेवून म्हणाली, "बाई, जेवलीस का?"

खेळ चालवणारा माझी पानं उलटत राहिला. उत्तर कुठेच नव्हतं. शेवटी त्याने तिच्या हाती फासा दिला: मोठा आकडा पडला तर राक्षसी ऐकणार, नाहीतर लढाई. तो गरगरत होता तोवर सगळे श्वास रोखून बसले. माझीच राक्षसी, पण ती जगणार की मरणार हे मलाही ठाऊक नव्हतं. आजही फासा असा गरगरला की माझ्या अंगावर काटा येतो.

फासा थांबला. राक्षसी जेवायला बसली. भाषण राहिलं ते राहिलंच.

निघताना मी त्या मुलीला विचारलं, "हे तुला सुचलं कसं गं?"

ती म्हणाली, "आजी, गुहेत थंड चूल आहे असं तुम्हीच तर लिहिलं होतं."