बिनडब्याचे गेम

"उतरू दे," हा त्यांचा शब्द. हिंगोलीतल्या त्यांच्या नेट कॅफेत तो दोन अर्थांनी चालायचा. गेमची किंमत अजून कमी व्हायची असली तरी "उतरू दे", आणि घेतलेला गेम दोन-दोन दिवस डाऊनलोड होत बसला तरी "उतरू दे". आम्ही त्यांना काका म्हणायचो.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉम्प्युटरची भीती काकांनी घालवली. परदेशी वेबसाइटवर सेल लागला की ते मला इंग्रजी वाचायला बसवत. सात गेम एकाच्या भावात दिसले की खूश.

"ही जुडी झाली बघ, मेथीवानी. दोन काड्या पिवळ्या निघतेत, बाकी ताजी ऱ्हाती."

त्यांचा पुण्याचा भाचा कार्डाने पैसे भरायचा. पावती काकांच्या मेलवर यायची.

बाजारात नकली सीडी चहाच्या भावात मिळायची. मी विचारलं, "काका, काहून एवढी तकलीफ?"

"लेका, ज्यानं बनवला त्याला कायतरी जायला पायजे का न्हाई?"

मग नकली सीड्यांची तपासणी आली. साहेब म्हणाले, "ओरिजिनल डबे कुठायत?"

"डबा न्हाई साहेब, नेटवरून घेतलेत. ही पावती बघा ना."

साहेबांनी स्क्रीनकडे मानसुद्धा वळवली नाही. "मेल काय, कुणीही टाईप करतं. डबा दाखव."

समोरच्या दुकानदाराने रंगीत डब्यांची रांग मांडली. आतली एकूण एक सीडी नकली, कव्हरं बाहेरून छापून आणलेली. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. साहेब खूश. "हे बघ, असं पाहिजे!"

काका माझ्याकडे वळले. "तू सांग की रे. तूच वाचलंस ना सगळं."

त्या पावतीतली ओळ न् ओळ मला माहीत होती. मी म्हणालो, "मी... मी इथं फक्त प्रिंट काढायला येतो."

सगळे कॉम्प्युटर जप्त होऊन टेम्पोत चढले.

तुम्ही म्हणाल, पोरगं होतं, घाबरलं. नका म्हणू. त्या साहेबाला मी आजही शिव्या देतो, समोरच्याला तर चारचौघांत देतो. पण माझं ते वाक्य आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कॅफे पुन्हा उघडलं नाही. काका त्यांच्या गावी, जवळा बाजारला गेले. धीर करून मी एकदा तिथं गेलो. ते घरी नव्हते. काकूंनी पाणी दिलं आणि मला नीट न्याहाळलं.

"इंग्रजी वाचून दाखवणारा तो तूच व्हय? लई नाव काढतेत तुजं."

"व्हय," मी म्हणालो. तिथं मात्र लगेच म्हणालो.