भट्टीवाल्याच्या शेऱ्याचा रकाना

एका मंगळवारी दादा गेला. तेरावा झाला आणि मी त्याच्या खुर्चीत बसले.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत आम्ही दोघं भावंडं संगणक विभागात होतो. तो प्रमुख, मी त्याच्या हाताखाली. मी बसले त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीने नवी आवृत्ती चढवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीजवळच्या संगणकावर नोंद जतन होईना. अमुक रकाना सापडत नाही, एवढंच पडद्यावर येत होतं. नोंद नाही तर त्या घाण्याला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाला, नंबर नाही, आणि नंबराशिवाय ओतकाम पुढे जात नाही.

"मॅडम, रस तयार हाय," भट्टीवरचे मामा म्हणाले. वितळलेल्या लोखंडाला इथे रसच म्हणतात. "त्याला जरा थांब म्हणून तुम्हीच सांगा की."

मी पुण्याला फोन लावला. तिकडच्या इंजिनिअरने थोडा वेळ शोधलं. "हा रकाना आमच्या यादीतच नाही. थेट डेटाबेसमध्ये कुणी टाकला?"

"माझ्या भावाने."

"मग त्यांनाच विचारा ना."

"ते वारले."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "पडद्यावरून त्या रकान्याची चौकट काढून टाका, मॅडम. काम सुरू होईल."

मी काढली. नंबर पडला. मामा पडद्याकडे बघत राहिले. "आमचा शेरा काढलासा व्हय?"

तापमान, वेळ, वजन या सगळ्याला सॉफ्टवेअरमध्ये जागा होती. भट्टीवाल्याला काय वाटलं, याला नव्हती. ती दादाने करून दिली होती, पण सॉफ्टवेअरच्या यादीत न नोंदवता, घाईत. नव्या आवृत्तीने तक्ता यादीप्रमाणे पुन्हा बांधला आणि उरलेलं टाकून दिलं. त्या कारखान्याच्या संगणकांवरचं बाकी सारं विकत आणलेलं होतं. दादाने स्वतःचं म्हणून केलेलं एवढंच.

मॅनेजर म्हणाले, "चाललंय की आता. कोण वाचतंय ते शेरे?"

मला बसवेना. भट्टीपर्यंत जाऊन आले, परत गेले. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता नवी आवृत्ती चढण्याआधीची बॅकअप प्रत दुसऱ्या संगणकावर उघडली. रकाना तिथे होता. 'रस थंड वाटला.' 'भंगारात जस्त हुतं, धूर लय.' 'लाईट दोनदा गेलती.' मामा सांगत आणि दादा तसंच टाइप करी. घरी माझं पत्रसुद्धा तपासून शुद्ध करणाऱ्या माणसाने इथे एक अक्षर बदललं नव्हतं. मी वाचत गेले, मध्येच उठले, पुन्हा वाचू लागले.

पुढच्या दोन दिवसांत मी तो रकाना रीतसर यादीत नोंदवला, चाचणीच्या प्रतीवर तपासला, घाण्याचे नंबर जुळवून जुने शेरे परत भरले. एकही गळला नाही. मग चौकट पडद्यावर आणली. मामांनी चष्मा पुसून पहिला शेरा सांगितला: "लिवा, आज रस बरा हाय." मी तसंच लिहिलं.

नोंदणीच्या पानावर 'तयार करणारा' ही जागा सॉफ्टवेअर आपोआप भरतं. तिथे माझं नाव आलं. बदलायचा प्रयत्न दोनदा केला, बदलत नाही.

रकाना आहे. त्यात मामांचे जुने-नवे शेरे आहेत. दादाचं नाव कुठे नाही.