ढेपेच्या तीन मुठी

त्या वर्षी कापूस आमच्या घरातच मुक्कामाला होता. भाव पडलेले, म्हणून वेचलेला कापूस कोणी बाजारात नेईना. आमच्या पुढच्या खोलीत तो आढ्यापर्यंत रचला होता. सगळे आवाज त्यात बुडून जायचे. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि ती माझ्यापर्यंत येईस्तोवर मऊ झालेली असायची. दुपारी कवडशात तंतू तरंगत राहायचे, आणि मी त्यांच्याकडे बघत कापसावर पडून असायची. अंगाला खाज सुटायची, तरी मला ते दिवस फार आवडायचे. हे सांगताना आज लाज वाटते, कारण बाबांच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा बघतच नव्हते. मी दहा-अकरा वर्षांची होते.

त्याच कापसाच्या कोपऱ्यात आमच्या कुत्रीनं चार पिल्लं दिली. तिला नाव नव्हतं. ‘ये वं’ म्हटलं की ती यायची, तेवढं आम्हाला पुरत होतं. पिल्लं रात्रंदिवस तिला लुचत, आणि बघता बघता तिच्या बरगड्या वर आल्या. आमचं घर माळकरी, अंडं उंबऱ्याच्या आत यायची सोय नाही. तिच्या वाट्याला भाकरीचा तुकडा आणि ताक, त्यावर चार जीव पोसायचे.

कापूस पडून होता, त्यामुळे घर चालत होतं गाईच्या दुधावर आणि गाय चालत होती सरकीच्या ढेपेवर. कपाशीच्या बियांचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो ती ढेप. ‘ढेप म्हणजे ताकत,’ हे बाबा जेवताजेवताही ऐकवायचे. गाईच्या अंगावरची चमक बघून मला ते पटलंही होतं. मग कुत्रीला का नाही? शाळेतून आले की मी पोत्यातून एक मूठ ढेप काढायची, ताकात कालवायची आणि कापसाआड तिच्यापुढे ठेवायची. ढेप गाईच्या नावाची, म्हणून हे सगळं गुपचूप. ती चाटूनपुसून खायची आणि माझ्या मांडीवर डोकं टेकवायची. तिला वाचवणारी मीच, अशा थाटात मी तिच्या कानांमागे खाजवत बसायची.

महिनाभरात ती धापा टाकू लागली. अंगणातून विहिरीपर्यंत जायची आणि मध्येच बसायची. पोट फुगलं, पाय मात्र काडीसारखे. मी घाबरले आणि ढेपेची मूठ जरा मोठी केली.

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी बाबांनी बंडीला बैल जुंपले. बंडीत कापूस अंथरून तिला निजवलं. मी उशाशी आणि आई पायाशी बसली. सगळा रस्ता धुक्यातून गेला. बैलांच्या घुंगरांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. वाटेत ती ओकली. त्या पांढऱ्या कापसावर सरकीची काळी टरफलं पसरली. आम्ही तिघांनीही ती पाहिली आणि तिघंही गप्प बसलो.

ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला कान लावला, मग बंडीतला कापूस पाहिला.

“ढेप कोन देते हिले?”

बाबा बैलांचे कासरे सोडवू लागले, आईनं पदर सारखा केला. आई-बाबांना काय माहीत, असं मला वाटलं. मी मान खाली घालून कुत्रीच्या कानांमागे खाजवत राहिले.

“गाईचं पोट अलग हाये,” डॉक्टर म्हणाले. “सरकीत जे जहर असते, ते गाय जिरवून टाकते. कुत्र्याच्या अंगात ते साचत जाते, अन् मंग दिलावर येते. तिले प्रोटीन पाहिजे हे बरोबर हाये, पिल्लं पिऊन राह्यले. पन कोन्तं, ते पाहान का नाही? उकडलेलं अंडं द्या. काटे काढून मासोळी द्या. नाही तं तुरीची डाळ गाळ होईस्तोवर शिजवा, कांदा-लसून नका टाकू. कच्चं सोयाबीन नको, अन् ढेप तं आजपासून बंद.”

“वाचन का?” बाबांनी विचारलं.

“जगन. पयन नाही आता.”

दुसऱ्या सकाळी आई बुद्धविहारामागच्या काकूंच्या दारात उभी राहिली. त्यांच्याकडे कोंबड्या होत्या. आईनं आजवर त्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. “माळ घालून अंडं मांगाले आली वं?” काकू हसल्या, आणि पदरात चार अंडी घातली. आईनं अंगणात तीन दगड मांडले आणि जुन्या गंजात पाणी ठेवून अंडी उकडली. फुंकर घालता घालता ती हळूच म्हणाली, “मीच देत होती तिले ढेप. मूठभर. वाटलं, बाळंतीण हाये.” धुरानं डोळे भरले असं तिनं दाखवलं. ‘मी पण’ हे शब्द माझ्या तोंडाशी आले आणि मी ते गिळले. किती सोपं होतं, आईला एकटीला अपराधी राहू देणं.

पिल्लं वाचली. एक काकूंकडेच गेलं. कुत्री जगली, पण पळाली नाही. पुढच्या कपाशीला बोंडं धरली तेव्हा एका सकाळी ती विहिरीच्या कडेला उन्हात निजली आणि उठली नाही. मी खूप रडले. मनातल्या मनात तिची माफी मागितली, मोठ्यानं कधीच नाही.

आता मी पुसदला असते. आई गेली, बाबा माझ्याकडे असतात, आणि आमच्याकडे एक कुत्री आहे. परवा तिच्या खाण्याची नवी पिशवी आणली. सवयीनं मी मागची बारीक अक्षरं वाचत होते, कोंबडी, मासे, तांदूळ. बाबा खुर्चीतून म्हणाले, “सरकी तं नाही ना त्यात?”

“नाही बाबा.”

खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “मी देत होतो तिले. तुम्ही उठाच्या आंधी. रोज एक मूठ.”

मी पिशवी खाली ठेवली. इतक्या वर्षांनी ते शब्द माझ्या तोंडून निघाले. “मी पण देत होती, बाबा. आई पण.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हंजे तीन मुठी,” ते म्हणाले. मग पुटपुटले, “एकानं दुसऱ्याले सांगतलं असतं तं...”

ते उठले. पिशवीत हात घातला, चार दाणे नाकाशी नेऊन हुंगले आणि कुत्रीच्या ताटलीत एक मूठ टाकली. मी समोरच उभी होते, तरी त्यांनी साऱ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, “मी देलं बरं का वं तिले! एक मूठ!”