माझा पाय आत्याला दुखला

आधीच सांगून टाकते. भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. नुसतं मानत नाही असं नाही, त्याविरुद्ध पत्रकं वाटते. डोंबिवली स्टेशनबाहेर वाटलीत, नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीबाहेर वाटलीत, धक्काबुक्की झाली तरी वाटलीत. आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटाच्या पत्रकावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एक वाक्य असायचं — "जे दाखवता येत नाही, ते नाही." ते माझंच. त्यामुळे असल्या अनुभवांच्या पानावर माझं नाव बघून गटातले काहीजण हसतील. हसा.

तर… दोन वर्षांपूर्वी मानपाडा रोडला रिक्षा उलटली, मी आत होते. हाड वगैरे मोडलं नाही. पण डावा पाय तेव्हापासून दुखतोय. रोज. पाय दुखतो म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून पाय आणखी दुखतो. ज्यांना हे माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी कृपा करून "रात्री गरम दूध घे" सांगू नका. घेतलंय. बादलीभर घेतलंय.

एक्स-रे नॉर्मल. एमआरआय नॉर्मल. ठाण्यातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, "लग्नाचं बघतायत का घरी? टेन्शन आहे?"

मी म्हटलं, "डॉक्टर, दुखतंय."

"हो, पण दिसत नाहीये ना काही."

माझंच वाक्य, वर फी घेऊन मला ऐकवलं.

आई-बाबा चांगले आहेत, पण चांगली माणसंही थकतात. आत्याला तेवढाही धीर नव्हता. बाबांची मोठी बहीण, कळव्याला पोळी-भाजी केंद्र चालवते. गणपतीत सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "नाटकं आहेत पोरीची. मी पहाटेपासून तव्यापुढे उभी असते, माझे पाय काय लाकडाचे आहेत?" सगळे हसले. घरी येऊन मी तिचा नंबर ब्लॉक केला. त्यानंतर आमचं बोलणं बंद. हे लक्षात ठेवा.

पुढच्या उन्हाळ्यातली दुपार. आई-बाबा कामावर. त्या दुपारी मी मरायचं ठरवलं होतं. शब्द फिरवत नाही. कसं, ते लिहिणार नाही. ते वाचून कुणाला काही सुचलेलं मला नकोय. एवढंच सांगते की मी रडत नव्हते, कुणावर चिडले नव्हते. खरं तर मला मरायचं नव्हतंच, हे दुखणं थांबायला हवं होतं. पण इतक्या जागरणानंतर डोक्याला या दोन गोष्टींतला फरक कळेनासा होतो. कुणाला फोन नाही, मेसेज नाही, स्टेटस नाही. कुणालाही काही कळायचा मार्ग नव्हता.

बेल वाजली. मी गेले नाही. परत वाजली. मग दारावर थापा.

"प्राजे, दार उघड. आत आहेस माहितीये मला."

दारात आत्या. साडीला पीठ, चेहरा घामाने निथळलेला, एक हात डाव्या कमरेवर, दुसरा भिंतीला. खाली रिक्षा वळत होती. कळव्यावरून डोंबिवली, रिक्षाने! ही बाई भाजी आणायला मार्केटपर्यंतसुद्धा रिक्षा करत नाही. आणि तेही डबे भरायच्या वेळेला, गॅस बंद करून.

"बाजूला हो," म्हणाली आणि थेट जमिनीवर बसली. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, "नको. खुर्चीत नाही जमत."

मलाही जमत नाही.

"सकाळी चांगली होती मी. पोळी उलटायला वाकली आणि इथून सुरू झालं." तिने कंबर दाखवली. "नस धरून कुणीतरी पिळतंय, चादर पिळतात ना, तशी. मांडीपर्यंत. गुडघा सोडून देतं मेलं. आणि मग खाली घोट्याला… हसू नकोस."

"नाही हसत."

"थंड पाणी गळल्यासारखं. सारखं. दोनदा साडी वर करून बघितलं, कुठे ओलं झालंय का."

मी तिच्यासमोर खालीच बसले. त्या पाण्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, डॉक्टरांना नाही. नुसत्या दुखण्यावर लग्नाचं विचारतात, पाण्याचं सांगितलं असतं तर काय म्हणाले असते?

"हे माझं नाहीये," आत्या म्हणाली. "साठी उलटली माझी, माझी दुखणी मी ओळखते. हे तुझं आहे." मग माझ्याकडे नीट बघून, "काय करत होतीस तू?"

मी सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच कुणालातरी.

तिने तोंडात पदर नाही घातला, देवाला नाही बोलावलं. स्वतःचा पाय दोन्ही हातांनी धरला. मग विचारलं, "रोज असं असतं?"

"रोज."

"रात्रीपण?"

"रात्री जास्त."

"आणि मी नाटकं म्हणाली."

"सगळ्यांसमोर."

"मग आता सांगेन तेपण सगळ्यांसमोर सांगेन. आडवी हो इथे. मी कुठे जात नाही, मला उठताच येत नाहीये."

आडवी झाले तेव्हा लक्षात आलं — माझा पाय गप्प होता. पूर्ण गप्प. रिक्षा उलटल्यापासून पहिल्यांदा. मी तिथेच फरशीवर झोपले.

जाग आली तेव्हा संध्याकाळ होती. आई आलेली. आत्या स्वयंपाकघरात खडखडीत बरी होऊन फिरत होती आणि आमच्या कणकेला नावं ठेवत होती. आणि माझा पाय पुन्हा दुखायला लागला होता. बुवांच्या गोष्टीत दुखणं जातं. माझं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला वेगळ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "रिपोर्ट राहू द्या बाजूला. ही सांगेल काय होतं ते. ही विसरली तर मी सांगेन."

"तुम्हालाही आहे का?"

"एक दुपार होतं. पुरे झालं."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं, पाण्यासकट. म्हणाल्या, नसेच्या दुखण्यात असं वाटू शकतं, एमआरआयमध्ये दिसेलच असं नाही. मग पायाची औषधं, झोपेची, आणि मानसोपचार. तिन्ही अजून चालू आहेत. दुखणं कमी झालंय, पण आहेच.

पण आत्याच्या पायाचं काय? आमच्या गटातला समीर म्हणाला, "तू कधीतरी सांगितलं असशील तिला."

"बोलणंच बंद होतं."

"मग झोपेत बडबडली असशील. आईने ऐकून तिला सांगितलं."

"कुठल्या झोपेत, समीर?"

आत्याच्या मते देवीने पाठवलं. तिला टेंभी नाक्याला ओटी भरायची होती. मी म्हटलं, मी आत येणार नाही. म्हणाली, "तू बाहेर पत्रकं वाट." तसंच केलं. फक्त पत्रकावरचं ते पहिलं वाक्य मी काढून टाकलं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुणी मुलीला खोटारडी ठरवणार असेल, तर ते वाक्य त्याच्या हातात मी देणार नाही. आणि तुमच्या घरात कुणी असं जागं राहत असेल तर त्याला सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्याने येत नाहीत. न विचारल्याने ते एकट्याचे राहतात.

आत्याचा फोन आता रोज येतो, मागे पोळपाटाचा आवाज.

"पाय?"

"आहे."

"आणि ते दुसरं?"

"आज नाही आलं."

"बरं. ठेव, पोळी करपतेय."

त्या दुपारचं स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही. पण शोधायला मी आहे.