शेवटच्या रांगेतला हात

खंबाटकीच्या घाटात आमची एसटी दोनदा थांबली. एकदा इंजिनाला पाणी पाजायला आणि एकदा ड्रायव्हरला चहा पाजायला. साताऱ्यात उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि अजिंक्यताऱ्याची सावली गावात उतरत होती. एका दिवाळी अंकासाठी मला तात्यांवर लिहायचं होतं. तात्या म्हणजे सत्तरी उलटली तरी रंगाची पेटी उचलून गावोगाव प्रयोग करणारे नामांकित नट. उभ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलेलं. मी पडले पुण्यातली शाळामास्तरीण. कुणाकडे भक्तिभावाने बघायची मला सवय नाही.

साताऱ्याचा प्रयोग मी पुढच्या खुर्चीत बसून पाहिला आणि माझा ताठा थोडा मोडला.

सकाळी चहाला तात्यांनी आपला नेम सांगितला. त्यांनी जन्मात माईक वापरला नव्हता. प्रत्येक गावी प्रयोगाआधी रिकाम्या थिएटरात उभं राहून ते नाटकातलं सगळ्यात हळू वाक्य म्हणत. मरणाला टेकलेला बाप लेकीची वाट बघत म्हणतो, "दार लोटू नका, ती अजून यायचीय." शेवटच्या रांगेत बंडोपंत बसत. विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवणारे हे त्यांचे जुने सोबती. ऐकू आलं नाही तर त्यांनी हात वर करायचा.

"अजून एकदाही हात वर झालेला नाही," तात्या म्हणाले. "होईल त्या दिवशी तोंडाचा रंग पुसला समजा."

बंडोपंत मान खाली घालून कंदी पेढे खात होते.

पुढचा प्रयोग सांगलीला होता. नाटक मंडळींची गाडी सामानाने गच्च भरली होती, म्हणून मी एसटीने निघाले. कऱ्हाडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार आणि त्यांची बायको होती. ती दोघंही तात्यांच्याच नाटकाला निघालेली.

"आमी दर साली जातो," हवालदार म्हणाले. "मागची रांग आमची ठरल्याली. लय भारी काम करतो म्हातारा!"

"मागे नीट ऐकू येतं का हो?" मी सहज विचारलं.

"बघितलं तरी बास हाय, बाई." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातावर भडंग (तिखट-मिठाचे खमंग चुरमुरे) ओतलं आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग होता. सकाळी बंडोपंतांनी अंथरूण धरलं. पेढ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. शेवटच्या रांगेत बसायची पाळी माझ्यावर आली.

तात्या रंगमंचावर उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. मला कौलांतल्या चिमणीचा आवाज आला, त्यांचा नाही. खोटं बोलायला नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं. पण वर्गात मुलींना मी काय शिकवते? हात वर केला.

त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. माझा हात वरच. तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्याने बोलले की मरता माणूस तसा बोलणार नाही. ते त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते अर्ध्यावर थांबले. मग खाली उतरून, सगळं थिएटर ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसले.

"इथून फारच लांब दिसतं हो," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही बंडोपंतांकडे गेलो. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "कैक वर्षं झाली, तात्या. हातच उचलवेना."

तात्या रागावतील असं वाटलं होतं. ते बंडोपंतांच्या पायाशी बसले आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग व्यवस्थापकाला बोलावून म्हणाले, "माईक मागवा."

"रंग पुसणार होतात ना?" मी विचारलं. जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं.

"ती माझी ऐट होती, मास्तरीणबाई. मागचा माणूस हातातलं काम टाकून येतो. त्याला त्याचं वाक्य मिळायला नको?"

आणि मग प्रयोगाची वेळ होईपर्यंत हा नामवंत नट नवशिक्यासारखा त्या माईकापुढे बसला. जवळ गेलं की तो खरखरे, लांब गेलं की मुका होई. तात्या चिडले, हसले, पुन्हा सुरुवात केली. मी जेवायचं विसरले.

दुपारी मी हवालदारांच्या शेजारी बसले. बापाच्या उशाशी पाण्याचा तांब्या, त्यामागे माईक. "दार लोटू नका, ती अजून यायचीय." कुणी कानाशी बोलावं तसं ऐकू आलं. हवालदारीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

पडदा पडल्यावर हवालदार माझ्याकडे वळले. "आसं म्हनतो व्हय त्यो? आमाला वाटायचं, म्हातारा नुसता दाराकडं बघतोय."

"मी तर दर साली मनात म्हनायची, आवं, पानी द्या की कुनीतरी त्येला," बाई म्हणाल्या.

हे मी तात्यांना सांगितलं. ते आधी मोठ्याने हसले. मग कापसाने गालावरचा रंग पुसता पुसता म्हणाले, "आणि तरी दोघं येत राहिली बिचारी." पुढच्या गावी जायची पेटी त्यांनी स्वतःच बांधली.

परतीच्या एसटीत मी लेखाची सुरुवात करून पाहिली. कलेवरची निष्ठा वगैरे मोठे शब्द सुचले, ते घाटात सोडून दिले.

शाळेत पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, ऐकू येत नाही." एरवी मी "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणाले असते. खडू ठेवला आणि शेवटच्या बाकाशी जाऊन उभी राहिले. तिथून फळा खरंच फार लांब दिसत होता.