दुसऱ्या लेव्हलचा नकार

माझ्या मुलीचं लग्न मी इंग्रजीत मोडलं. मराठीत ते त्या दुपारपर्यंत अगदी व्यवस्थित जमलेलं होतं.

आमची प्राजक्ता पुण्याला नोकरीला. दिवाळीत घरी आली, फराळाची ताटली हातात घेतली आणि म्हणाली, "पप्पा, मला विष्णूशी लग्न करायचंय. तो केरळचा आहे." मी तेव्हा करंजी खात होतो. ती घशात जिथे थांबली तिथून बराच वेळ हललीच नाही. (बायको म्हणते, मला वाटलं तुम्ही विचारात पडलात. विचार कसला, मला श्वास घेता येत नव्हता.) पण मुलगा येऊन भेटला आणि चांगला गुणी निघाला. आमची हरकत संपली. त्याच्या घरचे मात्र सावध होते. एकुलता एक मुलगा, परका प्रांत, कधी न पाहिलेली माणसं.

"त्याचे आईबाबा एकदा येऊन तुम्हाला भेटतील," प्राजक्ता म्हणाली, "आणि मगच काय ते ठरवतील. पप्पा, सगळं त्या एका भेटीवर आहे."

"येऊ दे की. भरीत-पुरी करू."

"पण बोलणार कशात? त्यांना मराठी येत नाही. आणि त्यांची हिंदी तुमच्या इंग्रजीसारखी आहे."

म्हणजे नाहीच, असं तिला म्हणायचं होतं. आता जळगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तिथे मी दिवसभर इंग्रजीच बोलतो. एल्बो, सॉकेट, वॉशर, रिड्यूसर. पण एवढ्या भांडवलावर होणाऱ्या व्याह्याशी किती वेळ बोलणार? म्हणून या वयात मी इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं.

चौधरी मॅडमचा क्लास एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. तिथे लेव्हल असतात. पहिली पार केल्याशिवाय दुसरीत बसू देत नाहीत. माझा अंदाज होता की माझं वय आणि दुकान बघून मला निदान तिसरीत तरी घेतील. मॅडमनी इंग्रजीत नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी "हाऊ आर यू?" विचारलं. मी पुन्हा नाव सांगितलं. त्यांनी मला पहिलीत बसवलं.

पहिल्या लेव्हलला नमस्कार-चमत्कार. त्याचा सराव मी गिऱ्हाइकांवर सुरू केला. यावलकडचे एक शेतकरी वर्षानुवर्षं माझ्याकडूनच पाइप नेतात. त्यांना मी काउंटरवरून हसून "गुड मॉर्निंग, सर, हाऊ आर यू" म्हणालो. ते तसेच पायरी उतरून समोरच्या दुकानात गेले. नंतर कळलं, त्यांना वाटलं भाव वाढले.

दुसऱ्या लेव्हलला पाहुणचार. काय विचारायचं, काय द्यायचं आणि मुख्य म्हणजे कुणी काही देऊ केलं तर नाही कसं म्हणायचं. मॅडमनी शिकवलं, "नकार स्पष्ट द्यायचा, पण गोड. हात छातीवर, चेहऱ्यावर हसू. नो, थँक यू. नॉट नेसेसरी." या धड्यात मी वर्गात पहिला. का नसणार? आम्हा पाटलांचा जन्मच नको-नको करण्यात गेलेला. मॅडम बाकीच्यांना म्हणायच्या, "पाटीलभाऊंसारखं नाही म्हणून दाखवा." मी दाखवायचो. लोक टाळ्या वाजवायचे. हो कसं म्हणायचं, हा धडा तिसऱ्या लेव्हलला होता आणि ती लेव्हल पाहुणे येऊन गेल्यावर सुरू होणार होती. मला त्यात काही धोका दिसला नाही.

पाहुणे आले. विष्णू, त्याचे वडील नायर साहेब आणि आई. मदतीला धुळ्याकडच्या खेड्यातून माझी मोठी बहीण अक्का आली होती. स्टेशनवर मी "वेलकम, हाऊ वॉज युअर जर्नी" हे न अडखळता म्हणालो. नायर साहेबांचा चेहरा खुलला. प्राजक्ताने मागून माझा शर्ट हळूच ओढला. आमच्यात तो शाबासकीचा इशारा आहे.

जेवायला भरीत-पुरी. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, वर कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा. नायर साहेब आवडीने जेवले आणि ताटावर आडवा हात धरून म्हणाले, "नो, थँक यू."

अक्का म्हणाली, "इतलंच? आखो ल्या ना, भाऊ." आणि हाताच्या फटीतून पुरी आत सोडली.

"नो, प्लीज."

"लाजतस त्या. पाव्हना शेतस," अक्काने आम्हाला समजावलं आणि दोन वाढल्या. त्यांनी ताट मागे ओढलं, तर अक्काने मागे जाऊन वाढलं. ते खुर्चीवरून अर्धे उठले, तर मी खांद्यावर हात ठेवून त्यांना प्रेमाने खाली बसवलं. काय सोज्वळ माणूस, मी मनात म्हणालो, आपल्यासारखाच नको-नको करतो. माझा जीव त्यांच्यावर जडला.

जेवणं झाली. बायको आणि अक्का आवराआवरीला आत गेल्या. प्राजक्ता आणि विष्णू पान आणायला बाहेर पडले. बैठकीत आम्ही तिघंच. तेव्हा नायर बाईंनी पर्समधून एक लाल डबी काढली. आत सोन्याची जुनी बांगडी. नायर साहेब उभे राहिले आणि एक लांबलचक वाक्य बोलले. त्यातलं मला 'माय मदर', 'युअर डॉटर' आणि 'परमिशन' एवढं कळलं, पण एवढं पुरे होतं. आजेसासूची बांगडी ते माझ्या प्राजक्ताला देत होते. म्हणजे आम्ही पसंत होतो. माझे डोळे भरून आले.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आमच्या खानदेशात कुणी काही दिलं की लगेच हात पुढे करत नाहीत. नको म्हणायचं, कशाला म्हणायचं, वस्तू परत ढकलायची. देणाऱ्यानेही ती पुन्हा पुढे करायची, शपथ घालायची, खिशात कोंबायची. (चाळीसगावच्या स्टँडवर मी एकदा अक्काचं शर्टपीस घेणार नाही म्हणून बसमध्ये चढलो. तिने ते चालत्या एसटीच्या खिडकीतून आत फेकलं. ते कंडक्टरच्या तोंडावर बसलं आणि त्यानेही "कशाला, कशाला" म्हटलं.) तेव्हा मी काय केलं? हात छातीवर ठेवला, हसलो आणि म्हणालो, "नो, थँक यू. नॉट नेसेसरी."

नायर साहेब थबकले. "आर यू शुअर?"

दुसरी फेरी सुरू झाली म्हणून मी खूश. "येस, येस, शुअर. नो."

आता तिसऱ्या खेपेला ते आग्रह करणार आणि मी ओलावलेल्या डोळ्यांनी डबी घेणार, असं माझं ठरलेलं होतं. नायर साहेबांनी डबी बंद केली. बाईंनी ती पर्समध्ये ठेवली. पर्सची चेन लावली. नको म्हटलेली वस्तू कुणी खरोखर परत ठेवतं, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मी हात छातीवर तसाच ठेवून वाट बघत राहिलो. पोरं पान घेऊन आली तर पाहुणे चपला घालत होते. "ही इज नॉट फीलिंग वेल," बाई एवढंच म्हणाल्या. प्राजक्ता त्यांना हॉटेलवर सोडायला गेली. रिक्षा वळेपर्यंत मला वाटत होतं, आता डबी बाहेर येईल. मी फाटकातून "कम अगेन" असंही ओरडलो. (पहिली लेव्हल.)

बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, एवढ्यात गेले? काय म्हणाले?"

"बांगडी देत होते प्राजूला. मी नको म्हटलं."

"मग?"

"मग ठेवली परत."

"परत ठेवली म्हणजे?" बायको मटकन खाली बसली. अक्का दारातच उभी राहिली. "सुभास, अन् तू ठेवू दिनी?"

तेवढ्यात फोन वाजला. प्राजक्ता रडत होती. "पप्पा, तुम्ही त्यांना नाही म्हणालात? तेही दोनदा? विष्णूचे बाबा म्हणतायत, मी खात्री करून घेतली. उद्या सकाळच्या गाडीने निघतायत ते."

"अगं, आपल्यात म्हणतात तसं म्हणालो मी!"

"मी सांगितलं ना त्यांना. ते म्हणतात, तू तुझ्या मनासारखं सांगणारच, आम्हाला बापाच्या तोंडून ऐकायचंय. पप्पा, त्यांच्यात नाही म्हणजे नाही असतं."

मी हादरलो. नाही म्हणजे नाही, असा प्रांत आपल्याच देशात आहे आणि इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही? मग एक भयंकर शंका आली. "प्राजू, दुपारी ते पुरीला नाही म्हणत होते..."

"ते खरंच नाही म्हणत होते, पप्पा. आता पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून पडलेत."

जे खरंच नको होतं ते आम्ही त्यांना दाबून खाऊ घातलं होतं, आणि जे मला जीव टाकून हवं होतं ते मी हसत-हसत परत पाठवलं होतं. लेकीचं रडणं फोनमधून ऐकू येत होतं आणि माझ्याने ते ऐकवत नव्हतं.

बायकोने पिशवीत नारळ, तांदूळ आणि खण घेतला. अक्काने ओवा घेतला. रिक्षात बायकोने बजावलं, "तिथे फक्त येस म्हणायचं. नो शब्द तोंडातून निघाला तर माझ्याशी गाठ आहे." मी वाटभर येस, येस असं घोकत होतो. रिक्षावाल्याने विचारलं, "भाऊ, उजवीकडे घेऊ?" मी येस म्हणालो. आम्ही डावीकडचं हॉटेल सोडून पार बाजारात जाऊन आलो.

नायर साहेब पलंगावर उशीला टेकून बसले होते. शेजारी बाई, कोपऱ्यात विष्णू आणि डोळे सुजलेली प्राजक्ता. साहेबांनी फार सौम्यपणे विचारलं, "मिस्टर पाटील, डिड वी हर्ट यू?"

"येस," मी म्हणालो.

"यू आर अँग्री विथ अस?"

"येस, येस."

साहेबांचा चेहरा पडला. "देन वी शुड गो टुमॉरो?"

"येस!"

"पप्पा!" प्राजक्ता ओरडली. "ते विचारतायत, तुम्ही रागावलात का, आम्ही निघून जाऊ का!"

आता नो म्हणायला हवं होतं हे मला कळलं, पण शेजारी बायको उभी होती. मी तोंड मिटून घेतलं. बायकोने कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. सरळ नायर बाईंपुढे गेली, त्यांना कुंकू लावलं आणि खण-नारळ ओटीत घालायला पुढे धरला. बाईंनी काही न विचारता पदर पसरला. तांदूळ, नारळ, खण, सगळं घेतलं आणि बायकोचा हात धरून ठेवला.

"एक डाव बी नको म्हनी नही," अक्का माझ्या कानात पुटपुटली. तिला ते पटलेलं दिसत नव्हतं.

मग पर्सची चेन उघडली. डबी बाहेर आली. नायर साहेब पोट धरून उठले, डबी उघडून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "मिस्टर पाटील, मे वी?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी देवाशप्पथ सांगतो, मला येसच म्हणायचं होतं. पण समोर कुणीतरी काहीतरी देत होतं. माझा हात आपोआप छातीवर गेला. चेहऱ्यावर ते हसू आलं. तोंड उघडलं आणि त्यातून 'न' निघालाही.

पुढचं निघालं नाही, कारण ओव्याचा वास येणारा अक्काचा तळवा माझ्या तोंडावर फाडकन बसला. तो तसाच दाबून धरून तिने नायर साहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि आम्हा सगळ्यांच्या वतीने ठणकावून सांगितलं, "यस. बठ्ठास्ना यस शे."

साहेब हसले. पोट दुखत असतानाही बराच वेळ हसले. बाईंनी प्राजक्ताच्या हातात बांगडी घातली. मला रडू आलं, पण तळवा अजून तोंडावरच होता, त्यामुळे ते नाकातून आलं.

लग्न झालं. नायर साहेब आता फोनवर मला काही विचारायचं असलं की सलग तीनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा मी जे म्हणेन तेच धरतात. पण माणसाने स्वतः सुधारावं, म्हणून मी तिसऱ्या लेव्हलला नाव घालायचं ठरवलं. हो म्हणायचा धडा काही झालं तरी शिकायचाच. क्लासच्या दारात चौधरी मॅडम उभ्या होत्या. आत शेवटची एकच जागा उरली होती. तिसऱ्या लेव्हलपासून उंबऱ्याच्या आत इंग्रजीच बोलायचं असा तिथला नियम, म्हणून त्यांनी हसून इंग्रजीत विचारलं, मिस्टर पाटील, तिसऱ्या लेव्हलला बसायला आवडेल का?

माझा हात छातीवर गेला. "नो, थँक यू," मी म्हणालो. "नॉट नेसेसरी."

"एक्सलंट," मॅडम म्हणाल्या आणि ती जागा माझ्या मागच्या माणसाला दिली.