काडीच्या डोळ्यातला ठोका

आधीच सांगते, मी बी.एस्सी. ॲग्री झालेली बाई आहे. नवस, अंगारे, दृष्ट... यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहिते आहे, कारण आठ वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

२००१ चा सप्टेंबर. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहायचो आणि मी रोज एसटीने निफाडला जायचे, द्राक्षाच्या काड्या तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. ऑक्टोबर छाटणीआधी शेतकरी काड्या आणतात. काडीवरचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, ब्लेडने कापायचा, आत बारीक घड आहे का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. डोळा रिकामा निघाला की मी म्हणायचे, "आठ दिवसांनी परत काडी आणा, मग ठरवू."

तेव्हा मला दिवस गेले होते. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. पिशवी मोठी, पण आत बाळच नाही. आधीची दोन सुरुवातीलाच पडलेली, म्हणून दुसऱ्या सेंटरलाही करून घेतली. तिथेही तेच. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "परवा क्युरेटिंग करून पिशवी साफ करून घेऊ. उगाच आशा लावून बसू नका."

"आठ दिवस द्या," मी म्हणाले. यांनी समजावलं, आई फोनवर रडली... मी हटले नाही.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, लॅबमध्ये एक डोळा कापला. घड नव्हता. पण मधोमध एक ठिपका लुकलुकत होता — भराभर, एका लयीत. झाडाचा डोळा असा हलत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. टेबलावरचे हात काढले, पंखा बंद केला. लुकलुकणं चालूच. शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाबाईंना बोलावलं, काही न सांगता.

त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "ताई, हे तर जितं हाय," म्हणाल्या. "काळजावानी उडतंय."

दोन-तीन मिनिटांत ते थांबलं. मग नुसता हिरवा गर. मला भीती नाही वाटली. राग आला, कोणीतरी माझी थट्टा करतंय असा.

आठव्या दिवशी मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. तसाच ठिपका, तीच लय. मी बाळाचा ठोका आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, तरी ओळखला. बाळ पूर्ण आठ आठवड्यांचं भरलं. मॅडमनी दोन्ही सेंटरच्या जुन्या फिल्म उजेडावर धरल्या.

"तारखा चुकल्या असत्या तर बाळ आज लहान भरलं असतं," त्या म्हणाल्या. "मला नाही सांगता येत."

मलाही नाही येत. मुलगी आता दुसरीत आहे. भयंकर हट्टी. सगळे म्हणतात, आईवर गेली, आणि मी हसते. क्युरेटिंगच्या कागदावर यांनी सही केली होती. फक्त माझी बाकी होती.